हेतू चांगला होता, मग दोष कसा?

प्रश्न: ताप आलेल्या शेजारच्या मुलाला कुणी मदत म्हणून घरातली अ‍ॅस्पिरिन दिली आणि मूल गंभीर आजारी पडलं. देणारा दोषी?

उत्तर: हेतूवरून माणूस कळतो, जबाबदारी नाही. धोका त्याला आधी कळू शकला असता का, हे पाहायचं. विषाणूजन्य तापात अ‍ॅस्पिरिनने मुलांना क्वचित राय सिंड्रोम होतो. यकृत आणि मेंदूला इजा पोहोचते. डॉक्टरांना एक फोन केला असता तर कळलं असतं. तो केला नाही, हा निष्काळजीपणा, दुष्टपणा नव्हे. मूल ठणठणीत राहिलं असतं तरी चूक तेवढीच, फक्त कुणी बोललं नसतं. चूक तीच, पण दोष नशिबाने घडलेल्या परिणामावरून ठरतो; तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी १९७६ मध्ये यालाच ‘नैतिक नशीब’ म्हटलं. आता ‘मी भल्यासाठीच केलं’ हे पालुपद पुरे. गोळी कोणती, किती मिलिग्रॅमची, केव्हा दिली, हे डॉक्टरांना लगेच सांगावं.