गोराईच्या होडीला एनॅमल चालेल, पण या पावसात नको

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडिलांची चौदा फुटी सागवानी होडी दोन वर्षं घरामागे ताडपत्रीखाली पालथी पडली आहे. रंगवाला म्हणतो गेट-ग्रिलला लावतात तोच सिंथेटिक एनॅमल लावा, शेजारचे काका म्हणतात तो महिन्याभरात सोलून निघेल. नारळी पौर्णिमेला तीन आठवडे उरलेत आणि त्याच दिवशी होडी पाण्यात घालायची आहे. मी वेसाव्याचा, म्हणजे वर्सोव्याचा. घरच्या होड्या लहानपणापासून घासत आलो, गेली पंचवीस वर्षं स्वतः रंगवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मला एक सांगा, होडी रात्री कुठे असणार? रोज काम झालं की वाळूवर ओढून घेणार असाल तर एनॅमल वरपासून पठाणापर्यंत, म्हणजे तळाच्या कण्यापर्यंत, बिनधास्त लावा, वर्षाला एक हात द्यावा लागेल एवढंच. पण खाडीत कायम नांगरून ठेवणार असाल तर काकांचं खरं. एनॅमल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. ऊन, वारा, उडणारं पाणी तो छान सोसतो, पण दिवसरात्र पाण्यात बुडून राहिला की मऊ पडतो, फुगतो. शिवाय त्याच्यावर शेवाळ आणि बार्नेकल (तळाला चिकटणारे कवचाचे जीव) बसायला काही आठवडे पुरतात. अशा होडीला पाणरेषेच्या वर एनॅमल आणि खाली तांबंयुक्त अँटिफाउलिंग, म्हणजे शेवाळ-बार्नेकल बसू न देणारा रंग. तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. भाऊचा धक्का, दारूखाना या बाजूला बोटीचं सामान विकणारी दुकानं आहेत, तिथे विचारा. कुणी जुना डबा स्वस्तात देऊ केला तर घेऊ नका. पूर्वीच्या काही अँटिफाउलिंगमध्ये कथिलाचं टीबीटी हे विषारी संयुग असायचं. त्याने कालवं-शिंपल्यांची पैदास बिघडते, म्हणून आंतरराष्ट्रीय करारानुसार २००८ पासून त्यावर बंदी आहे. आपलीच खाडी, आपलीच कालवं.

आता मुख्य गोष्ट. होडीचा रंग निघतो तो बहुतेक वेळा डब्यातल्या रंगामुळे नाही, लाकडात राहिलेल्या मिठामुळे आणि ओलीमुळे. एका वर्षी मीही सणाच्या घाईत जुलैच्या शेवटच्या आठवड्यात होडी रंगवली. दोन दिवस उघडीप होती, लाकूड हाताला कोरडं लागत होतं. सणाला होडी इतकी देखणी दिसत होती की आईने तिची दृष्ट काढली. दिवाळीपर्यंत नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, दोन्ही बाजूंना बोटाच्या पेरांएवढे फोड आले. एक फोड सुईने टोचला तर आतून पाणी आलं, जिभेला लावून पाहिलं तर खारट. नखाने रंग उचलला तर तळहाताएवढा पापुद्रा सुटून हातात आला. पुढची बाजू आरशासारखी चकचकीत आणि मागची ओली, तिच्यावर मिठाची बारीक पांढरी कणी. मीठ हवेतली आणि लाकडातली ओल खेचत राहतं, पाणी रंगाच्या मागे साठतं आणि रंगाला आतून ढकलतं. वरून कितीही महाग रंग लावा, हे थांबत नाही.

म्हणून गोड्या पाण्याने धुणं हे खरं काम. समुद्राच्या किंवा खाडीच्या पाण्याने नाही. आतून-बाहेरून नायलॉनच्या ब्रशने घासायची, दोन-तीन दिवसांच्या अंतराने निदान तीनदा. तुमची होडी ताडपत्रीखाली होती, म्हणजे पावसाने धुतली गेलेली नाही, जुनं मीठ आतच आहे. सध्या पाऊस फुकट धुऊन देतोय तर ताडपत्री काढा आणि चार दिवस होडी भिजू द्या.

मग वाळवायची, आणि इथेच तुमचं पौर्णिमेचं गणित बसत नाही. मुंबईत जुलै-ऑगस्टला हवेत इतका दमटपणा असतो की जाड सागवान आतपर्यंत वाळतच नाही. साधी परीक्षा सांगतो. फूटभर चौकोनी पारदर्शक प्लास्टिक संध्याकाळी फळीवर चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करा. सकाळी आतून वाफ धरलेली दिसली तर रंगाचा डबा उघडू नका. हात लावून लाकडाचा अंदाज घेऊ नका, मी तिथेच फसलो होतो.

माझं मत स्पष्ट आहे. यंदा पौर्णिमेला पूर्ण रंग देऊ नका. धुवा, सैल झालेला रंग खरवडा, उघड्या लाकडाला उकळलेल्या अळशीच्या तेलाचा पातळ हात द्या. आपल्याकडे आधीच्या पिढ्या माशाचं तेल लावायच्या, तेही चालेल, वास मात्र येतो. आणि तेल जिरू द्यायचं, वर चिकट थर राहता कामा नये. पूजेसाठी नाळेचा वरचा भाग तेवढा रंगवा. पुढे तो खरवडावा लागला तरी ते तासाभराचं काम आहे. नारळ देवाला द्या, होडी भरतीला पाण्यात घाला. खरा रंग नोव्हेंबरच्या शेवटी, हवा कोरडी झाल्यावर. वडिलांची होडी त्यांच्याशिवाय पहिल्यांदा पाण्यात जातेय, ती त्या दिवशी नवी दिसावी असं वाटणं मला समजतं. पण घाईचा रंग दिवाळीला सोलायला लागला की त्याचा त्रास जास्त होतो.

जुना रंग काढताना सावध राहा. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. तुमच्या होडीवरचे खालचे थर त्याआधीचे असणार, तेव्हा त्यात शिसं आहे असंच धरून चाला. कोरडं घासू नका. पत्र्याने खरवडा, मग पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून घासा, एन-९५ मास्क लावा, खाली प्लास्टिक अंथरून कचरा गोळा करा आणि लहान मुलांना त्या अंगणात येऊ देऊ नका. घट्ट बसलेला जुना रंग पूर्ण काढायची गरज नाही. ऐंशी नंबरने कडा उतरवून घ्या, मग एकशेवीस, शेवटी एकशेऐंशी. नोंदणी क्रमांक घासला जाण्याआधी ट्रेसिंग पेपरवर उतरवून ठेवा, म्हणजे अक्षरं त्याच मापाची, त्याच जागी येतील. रंगसंगती बदलायची असेल तर आधी तुमच्या मच्छीमार सोसायटीत विचारा, कारण मासेमारी बोटींना राज्यवार रंग ठरवून दिलेले आहेत.

सांध्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण रंगापेक्षा ते महत्त्वाचं आहे. दोन वर्षं कोरड्यात राहिलेल्या होडीच्या फळ्या आकसलेल्या असतात आणि सांध्यात नाण्याची कड जाईल एवढी फट दिसते. ती बघून कडक लांबी (फटी बुजवायचा लगदा) किंवा एम-सील भरायचा मोह होतो. भरू नका. होडी पाण्यात गेली की फळ्या फुगतात. मधे दगडासारखं कडक काही असेल तर एक तर ते बाहेर फेकलं जातं, नाही तर फळीची कड फुटते. सांध्यात सुताचा पीळ हलक्या हाताने ठोकून बसवायचा आणि वर खडू-भुकटी व अळशीच्या तेलाची मऊ लांबी. लांबीच्या आधी सांध्याच्या कडांना प्रायमर फिरवा, नाही तर कोरडं लाकूड लांबीतलं तेल पिऊन टाकतं आणि लांबी भुगा होऊन पडते. भिंतीची पांढरी पुट्टी तर अजिबात नको, ती सिमेंटची असते. एम-सील वापरायचं ते फळीच्या मधल्या खड्ड्याला किंवा खिळ्याच्या डोक्यावर, आणि खिळा लोखंडी असेल तर आधी गंज तारेच्या ब्रशने काढून रेड ऑक्साइड प्रायमरचा ठिपका द्या. एखाद्या फळीवर टाचणीएवढी भोकं दिसली तर टोच्याने दाबून बघा. टोच्या सहज आत गेला तर भिरूड, म्हणजे लाकूड पोखरणारी कीड, लागली आहे. मग फळी सुताराला दाखवा, रंगाने ते झाकू नका.

नोव्हेंबरात काय लावायचं? पहिला हात वुड प्रायमरचा, त्यात दहा-पंधरा टक्के टर्पेंटाइन घालून, म्हणजे तो लाकडात मुरेल. दुसऱ्या दिवशी दोनशेवीसने हलकं घासून प्रायमरचा दुसरा हात, मग एनॅमलचे दोन. प्रत्येक हातामध्ये पूर्ण रात्र जाऊ द्या आणि हलकं घासल्याशिवाय पुढचा हात मारू नका. एनॅमलमध्ये एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगांसाठीचा जहाल थिनर कधीही घालू नका, खालचा थर सुरकुततो. त्याच कारणासाठी जुन्या एनॅमलवर दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंगही मारू नका. डबा हलवू नका, बुडबुडे होतात. चपट्या काठीने तळापासून ढवळा, जुन्या नायलॉनच्या ओढणीतून गाळा आणि लागेल तेवढाच वेगळ्या भांड्यात घ्या.

वेळ सकाळी दव पूर्ण वाळल्यानंतरची, आणि चार वाजता हात थांबवायचा. उशिरा लावलेल्या रंगावर रात्रीचं दव बसलं की चमक जाते आणि रंग दुधाळ होतो. भर उन्हातल्या तापलेल्या फळीवर लावला तर लाकडातली हवा फुगून बुडबुडे येतात. सूर्य जसा फिरेल तसे सावलीच्या बाजूने सरका. मी फोमच्या रोलरने दोन फुटांचा पट्टा लावतो आणि लगेच अडीच इंची ब्रशचं फक्त टोक फिरवून बुडबुडे मोडतो, नेहमी ओल्या कडेकडे येत. ब्रश नुसता टेकला पाहिजे. दाबला की रेघा राहतात.

रंग किती लागेल याचा हिशेब सोपा. लांबी अधिक रुंदी, गुणिले दोन, गुणिले पाण्यावरची उंची. तुमची १४ फूट लांब, रुंदी ४ धरली आणि उंची दीड, तर ५४ चौरस फूट, म्हणजे ५ चौरस मीटर. लिटरभर एनॅमल एका हाताला साधारण दहा चौरस मीटर जातो, म्हणजे बाहेरच्या वरच्या भागाला दोन हातांत एक लिटर. खालच्या भागाचा अंदाज वेगळा काढा.

रंग फिका निवडा. गडद निळा किंवा काळा उन्हात इतका तापतो की सांधे पुन्हा उघडतात. आतल्या बाजूला चकचकीत एनॅमल मी लावत नाही. ओल्या पायाने घसरायला होतं, आणि दोन्ही बाजूंनी बंद केलेलं लाकूड आतली ओल बाहेर टाकू शकत नाही, कुजतं. आत तेलाचा हात पुरे, उभं राहायच्या जागी रंग हवाच असेल तर त्यात चाळलेली बारीक वाळू मिसळा.

तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल सुकताना तापतं आणि चुरगळलेला बोळा आपोआप पेट घेतो. ते एकेक पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. उरलेलं टर्पेंटाइन बाटलीत भरून ठेवा, गाळ खाली बसला की वरचं पुन्हा वापरता येतं. गटारात ओतलेलं सगळं खाडीतच जातं.

शेवटच्या हातानंतर आठवडाभर होडीला पाणी लावू नका. पाण्यात घालायच्या आदल्या दोन दिवशी आतून ओले गोणपाट पसरा म्हणजे फळ्या हळूहळू फुगतील. पौर्णिमेलाही हेच करा, कारण दोन वर्षं कोरडी राहिलेली होडी पहिल्या दिवशी गळणारच. सोबत बादली आणि एक माणूस ठेवा, घाबरू नका. दोन-तीन भरत्यांत सांधे मिटतात.

आज रात्री प्लास्टिक लावून बघा आणि सकाळचा फोटो इथे टाका. नाळेजवळच्या सांध्याचाही टाका, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे फट किती आहे ते बघून सूत किती जाड लागेल सांगतो.