टँकरची धून आणि भाच्याची गल्लत

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर मागे घेताना एक ठरावीक धून वाजते आणि ती ऐकू आली की घागरी, पिंपे बाहेर निघतात. ती कोणाची आहे? शिवाय माझा भाचा म्हणतो, की टायटन घड्याळाच्या जाहिरातीचे संगीत आणि ‘इतना ना मुझसे तू प्यार बढा’ हे गाणे मोझार्टच्या एकाच सिंफनीवरून घेतले आहे. हे खरे का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : आपण वर्णन करता ती धून बहुधा बेटोव्हेनच्या ‘फ्यूर एलीझे’ची, म्हणजे ‘एलीझेसाठी’ या पियानोवरच्या छोट्या रचनेची असावी, कारण मागे जाणाऱ्या गाड्यांत तीच फार ऐकू येते. रचना १८१० सालची; पण ती छापली गेली १८६७ मध्ये, बेटोव्हेनच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, आणि ही एलीझे नेमकी कोण, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही.

घरी पेटी असल्यास पांढरी सहा हा षड्ज धरून प, तीव्र म, प, तीव्र म, प, रे, शुद्ध म, कोमल ग, सा एवढे स्वर सावकाश वाजवून पाहावेत. पंचम आणि त्याला खेटून असलेला तीव्र मध्यम यांचा लपंडाव चालू असतानाच शुद्ध मध्यम हळूच येतो आणि चाल षड्जावर विसावते. दोन्ही मध्यमांची ही गंमत आपल्या कानाला परकी वाटत नाही. टँकरच्या भोंग्याला मात्र एका वेळी एकच स्वर वाजवता येत असल्यामुळे डाव्या हाताची साथ नाहीशी होते, आणि मुखड्याच्या अधूनमधून येणारे दोन वेगळे भाग तर त्याच्या वाट्याला येतच नाहीत. सारी रचना जेमतेम तीन मिनिटांची आहे, तेव्हा ती एकदा पियानोवर पूर्ण ऐकावी.

भाच्याचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. दोन्हींचा कर्ता मोझार्टच, पण सिंफन्या, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना, दोन आहेत. जाहिरातीचे संगीत पंचविसाव्या सिंफनीच्या पहिल्या भागावरून घेतले आहे. १७७३ मध्ये साल्झबर्ग येथे ती लिहिली तेव्हा मोझार्ट सतरा वर्षांचा होता. ‘छाया’ (१९६१) या चित्रपटातील तलत महमूद आणि लता मंगेशकर यांच्या त्या गाण्याचा मुखडा सलिल चौधरी यांनी चाळिसाव्या सिंफनीच्या आरंभावरून बांधला. ती १७८८ ची, व्हिएन्नातली. गल्लत व्हावी असेच हे प्रकरण आहे, कारण दोन्ही सिंफन्या ‘जी मायनर’ या एकाच स्वरमेळात असून दोन्हींत एक उदास अस्वस्थता आहे.

ओळखण्याची खूण सोपी आहे. चाळिसाव्या सिंफनीत व्हायोलिनवर कोमल ध, प, प ही तीन स्वरांची उसासा टाकल्यासारखी जोडणी लागोपाठ तीनदा येते आणि तिसऱ्या वेळी सूर एकदम तार सप्तकातील कोमल गंधारावर झेप घेतो. ‘इतना ना मुझसे’ हे शब्द मनात ठेवून ऐकले की ते तिथे आपोआप बसतात. पंचविसावीत हा उसासा सापडणार नाही. तिची सुरुवातच मात्रेच्या मधेमधे पडणाऱ्या, धाप लागल्यासारख्या आघातांनी होते. भाच्याला दोन्ही सुरुवाती पाठोपाठ ऐकवा.