उत्तर कोण देतंय, ते आधी बघ

प्रिय पोरी,

परवा फोनवर तू वैतागली होतीस. "मावशी, नर्स म्हणून फिरायला लागल्यापासून सव्वाशे घरं झाली, रजिस्टर भरून झालं, पण बायका बोलतच नाहीत. जिथं जावं तिथं 'काही त्रास नाही'." नेमका तेव्हा दारात सिलिंडरवाला आला आणि बोलणं तुटलं. म्हणून लिहायला बसले.

मला एकच सांग. 'काही त्रास नाही' हे म्हणालं कोण? ती, की तिची सासू?

माझी नर्सची नोकरी तिसऱ्या वर्षात होती तेव्हाची गोष्ट. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली, तेलुगू बोलणाऱ्या वस्तीतली एक खोली. पाच महिन्यांची गरोदर सून मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली. शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, कात्री आणि सुपात तंबाखू. मी काही विचारलं की तिची बोटं एक क्षण थांबायची आणि उंबऱ्यावरून सासू उत्तर द्यायची. जेवते का? जेवते की. गोळ्या घेते का? घेते की. मी कार्डावर टिक करून पुढच्या घरी. चार महिने असंच चाललं. नवव्यात पडल्यावर तिला चक्कर आली म्हणून बोलावणं आलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहा पॉइंट आठ. आणि देवाच्या फळीमागे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात माझ्याच हातच्या लोहाच्या लाल गोळ्या, सगळ्या पाकिटांसकट.

मी त्या म्हातारीवर ओरडले. अख्खी चाळ गोळा झाली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "ह्या गोळ्यानं बाळ मोठं होतंय. मग सिझर करतात. थोरल्या सुनेचं केलं. दोन महिने तिचा हात बंद. हजार विड्यांची मजुरी तू देणार काय?"

त्या सुनेला सिव्हिलमध्ये दोन बाटल्या रक्त चढलं, दोन किलोचं बाळ झालं, दोघंही वाचले. पण मला आजही लाज वाटते ती ओरडण्याची नाही, त्या चार टिकांची वाटते. म्हातारीचा हिशेब चुकला होता, पण तिनं हिशेब केला होता. मी तर विचारलंच नव्हतं. लोहाच्या गोळीनं बाळ फोपसं होत नाही, उलट आईत रक्त कमी असलं की बाळ हलकं जन्मतं आणि बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी आई हाताला लागत नाही, हे मी तिला पहिल्या महिन्यातच सांगू शकले असते. तिच्याशी बोलायला हवं हेच मला सुचलं नाही. ती माझ्या लेखी नुसती मध्ये बोलणारी बाई होती.

आता गोळ्यांचं विचारताना 'घेतेस का' असं विचारूच नकोस. 'संडासला काळं होतं का?' असं विचार. जी घेते तिलाच ते ठाऊक असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, एकशे ऐंशी दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तेवढेच दिवस, हे तू परीक्षेसाठी पाठ केलंयसच. पण विड्या वळणारी बाई दिवसभर चहावर असते आणि चहासोबत घेतलेलं लोह अंगी लागत नाही, हे घरात बसून दाखवावं लागतं. रात्री जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर गोळी घ्यायला सांग. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत नको, दोन तासांचं अंतर ठेव. आणि मिश्रीचं विचारायला विसरू नको. तंबाखू खातेस का म्हटलं तर 'नाही' म्हणेल, कारण दात घासायची मिश्री तिच्या मते तंबाखू नव्हेच. पोटातल्या बाळाला मात्र ती तंबाखूच असते.

एकटी ती कुठं सापडते, हे तू शिकून घे. पाण्याच्या दिवशी घरी जाऊच नकोस. आपल्याकडे काही दिवसांआड नळ येतो, त्या दिवशी बायका घागरी, ड्रम आणि पाइप यांच्यात असतात, तुझ्याशी कोण बोलणार! मी विडी कारखान्याच्या वाटेवर गाठायचे. सकाळी विड्यांची टोपली घेऊन निघालेल्या बाईबरोबर अशोक चौकापर्यंत चालत गेलं की घरात चार महिन्यांत न कळलेलं दहा मिनिटांत कळतं. तेही जमलं नाही तर लघवी तपासायची आहे म्हण. बाटली घेऊन ती मोरीत जाते, तू दाराशी उभी राहा. त्या दोन मिनिटांत मला कितीतरी बायकांनी खरं सांगितलंय.

चार शब्द तेलुगूचे शीक. 'एन्नो नेला?' म्हणजे कितवा महिना, 'नोप्पी' म्हणजे दुखणं. अक्कलकोट रोडच्या बाजूला गेलीस तर कानडीत 'एष्टु तिंगळु?' उच्चार चुकला की बायका हसतात. हसल्या की सूप बाजूला ठेवतात.

मराठीतलंही नीट ऐक. 'अंगावरून जातंय' यात पांढरंही आलं आणि लालही. रंग विचार, वास विचार, गाठी पडतात का विचार, दिवसाला किती कापडं लागतात ते विचार. 'पिशवी साफ केली' यात आपोआप पडलेला गर्भ असतो, दवाखान्यात केलेला गर्भपात असतो, आणि नवऱ्यानं मेडिकलमधून आणून दिलेली गोळीही असते. त्या गोळीचं जरा सविस्तर सांगते. औषध म्हणून ती वाईट नाही, डॉक्टरच्या देखरेखीत नऊ आठवड्यांपर्यंत देतात. पण घरात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, कुणीतरी 'यंदाही मुलगीच' असं सांगितल्यावर ती दिली जाते आणि बाई आठवडाभर थेंब थेंब वाहत राहते. लिंग सांगणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तरी सांगणारे सापडतात, आणि विचारणारे फक्त झोपडपट्टीतले नसतात. होटगी रोडच्या बंगल्यांतूनही मला 'सिस्टर, ओळखीचं कुणी आहे का' असे फोन आलेत.

याचा दुसरा तोटा असा झालाय की गर्भपात म्हणजेच गुन्हा, असं बायकांना वाटू लागलंय. तसं नाही. १९७१ च्या कायद्यानं तो कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर होतो, काही ठरावीक परिस्थितीत दोघांच्या मतावर चोवीसपर्यंत. सज्ञान बाईला स्वतःची सही पुरते. नवऱ्याची सही कायद्यात कुठेही नाही. हे वाक्य तिला दोनदा सांग. दवाखान्यातल्या काउंटरवर 'मिस्टरांना घेऊन या' म्हणणारे अजून भेटतात.

वयाचं विचारशील तेव्हा घरातून ठरलेलं उत्तर येईल, एकोणीस. पोरीकडे बघून विचार, 'दहावीला कुठल्या साली होतीस?' ती बोटं मोजायला लागली की तुला कळेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात वीस ते चोवीस वयाच्या शंभर मुलींपैकी बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. आपला जिल्हा त्याहून वाईट. तिथं तुझी खरी पंचाईत होणार. अठराच्या आतली गरोदर म्हटलं की पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, कळवणं भागच आहे. जावई आत जाईल या भीतीनं घरचे तिला लपवतात, आणि मग ती थेट कळा सुरू झाल्यावर, ना कार्ड ना रक्तगट, अशी दवाखान्याच्या दारात येते. कायदा बाजूला ठेव असं मी तुला सांगणार नाही, वरिष्ठांना कळवच. पण त्या घरात शिरताना चौकशी अधिकारी होऊन शिरू नकोस. आधी तिचं बीपी, रक्त, वजन. सोळा-सतरा वर्षांचं अंग अजून वाढतंय, त्यात बाळ वाढतंय, ती जोखमीची म्हणूनच मोज. तिला गर्भपात हवा असेल तर २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की तिनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव उघड करायची गरज नाही. हे डॉक्टरांनाही माहीत असतंच असं नाही. कागद जवळ ठेव.

मूल होत नसलेल्या बाईचं तुझ्या रजिस्टरमध्ये रकानाच नाही, बघितलंस? एका डोहाळजेवणाला मी गेले होते. हिरवी साडी, झोपाळा, फुलांची वाडी, सगळं होतं. ओटी भरायला एकेकीला नावानं बोलावत होते. सात वर्षं लग्न झालेली मोठी जाऊ स्वयंपाकघराच्या दारात शेंगाचटणीची वाटी हातात घेऊन उभी, आणि तिचं नाव काही येईना. कुणी मुद्दाम वगळलं असंही नाही, सगळ्यांनी मिळून गृहीतच धरलं होतं. नंतर तिनं मला मागच्या दाराशी गाठलं. तिच्या तीन वेळा सोनोग्राफ्या, दोनदा पिशवीची तपासणी, एका बाबाचा अंगारा, सगळं झालं होतं. नवऱ्याची एकदाही नाही. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनंही काही ना काही असतं, आणि त्याची पहिली तपासणी सगळ्यात सोपी आणि स्वस्त. नवऱ्याला हे बायकोकडून सांगायला लावू नकोस, मार तिला बसतो. तू सांग, किंवा डॉक्टरांच्या तोंडून वदव.

कुटुंब नियोजनाचं फार लिहीत नाही. राज्यात लग्न झालेल्या जवळपास निम्म्या बायकांचं ऑपरेशन झालेलं असतं आणि पुरुषांचं शंभरात एकाचंही नाही. एवढ्यावर तूच काय ते बोल. तांबी, तीन महिन्यांचं इंजेक्शन, सगळं दाखव. तिनं निवडावं.

'पिशवी काढणं' मात्र विसरू नकोस. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने मोप, हंगामात बीडकडून ऊस तोडणारी कोयत्याची जोडपी येतात, पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. २०१९ मध्ये सरकारी समितीनं बीडमध्ये ब्याऐंशी हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत एक दिवस फडात गेली नाही तर खाडा, म्हणजे दंड, बसतो, त्याचे पैसे आगाऊ घेतलेल्या उचलीतून वळते होतात. त्यात पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेली की कुणीतरी कॅन्सरची भीती घालतं. तिशीतली बाई ऑपरेशन करून येते, बीजकोशही काढले असतील तर लवकरच हाडं दुखायला लागतात, अंगात वाफा येतात, आणि फड काही सुटत नाही. पांढरं जाणं कित्येकदा साधा संसर्ग असतो, गोळ्यांनी बरा होतो. मी एका बाईला एवढंच म्हटलं होतं, "काढायच्या आधी सिव्हिलमध्ये एकदा दाखव, मी येते बरोबर." तिची पिशवी अजून जागेवर आहे.

बाळंतपण झालं की घरातले सगळे पाळण्याकडे वळतात. तू खाटेकडे वळ. पहिल्या दिवशी तासाला पॅड भिजतंय का, डोकं दुखतंय का, डोळ्यांपुढे अंधारी येते का. आणि ती रडते का, बाळाला घ्यायला नको म्हणते का. 'बाळंतिणीचं असंच असतं' म्हणून दोन आठवड्यांनंतरचं रडू सोडून देऊ नकोस. महाराष्ट्राचा माता मृत्यूचा आकडा २०१८-२० मध्ये लाखामागे तेहतीस होता, देशाचा सत्त्याण्णव. मी त्याचं कौतुक करते, त्यात आपल्यासारख्यांचे पाय झिजलेत. पण जिवंत राहिलेल्या कशा राहिल्या ते त्या आकड्यात नाही. सरकारच्या मातृवंदना योजनेचे पैसे तिच्याच खात्यात येतात, तेव्हा पासबुक कुणाच्या ट्रंकेत आहे तेही जाता जाता विचार.

नऊ तारखेला तुझ्याकडे गरोदर बायकांना तपासायला डॉक्टर येतील, गर्दी होईल. त्याआधी एकदा घरी ये. तुझ्या बीपी मशीनचा पट्टा मोठ्या दंडाचा आहे, मी मागे बघितला. आपल्या या वाळक्या पोरींच्या दंडाला तो लावला की बीपी असतं त्यापेक्षा कमी दाखवतो आणि वाढलेलं बीपी निसटतं. माझ्याकडे लहान पट्टा आहे, कपाटात वरच्या खणात, पांढऱ्या फडक्यात. त्याची नळी जरा कडक झालीय, ती तेवढी बदलून घे.

तुझी,
मावशी