घर आणि माशांच्या टाकीची मांडणी एकाच दिवशी बदलू नका (धुळे ते जळगावचा माझा अनुभव)

भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. एप्रिलअखेरीस भुसावळहून धुळ्याला बिऱ्हाड हलवताय, तीन फुटी प्लँटेड (आत खरी झाडं लावलेली) टाकी आहे, आणि "नाहीतरी टाकी रिकामी करावीच लागणार, तर त्याच दिवशी नवी सॉईल टाकून सगळी मांडणी नव्याने करतो" असं लिहिलंय (सॉईल म्हणजे झाडांसाठी तळाशी पसरायची खतयुक्त दाणेदार माती). हेच वाक्य सहा वर्षांपूर्वी मी बायकोला ऐकवलं होतं. तेव्हा आम्ही धुळ्याहून जळगावला आलो, ऐन मे महिन्यात. म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

मासे पिशवीत कसे भरायचे, दोन दिवस आधी खाणं कसं बंद करायचं, झाडं ओल्या वर्तमानपत्रात कशी गुंडाळायची हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात जात नाही. मला फिल्टरबद्दल बोलायचंय.

त्या काळात मला ताकाशी अमानो या प्लँटेड टाक्या रचणाऱ्या जपानी कलाकाराच्या कामाने झपाटलं होतं. लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी २०१५ साली ४० मीटर लांबीची टाकी रचली, तिचे व्हिडिओ रोज रात्री बघायचो. आपल्या तीन फुटांत तसाच उतार हवा, तसंच वाकडं लाकूड हवं, हे डोक्यात बसलं. पाच वर्षं मुरलेली जुनी ग्रॅव्हल (तळाची बारीक खडी) मी धुळ्यातच एकाला देऊन टाकली आणि नवी सॉईल मागवून ठेवली. कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर) मात्र जपून न्यायचा म्हणून पाण्यासकट, दोन्ही कॉक बंद करून गाडीत चढवला. आतल्या सच्छिद्र रिंगांवर माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया राहतात. रिंगा ओल्या राहिल्या म्हणजे ते जिवंत, अशी माझी समजूत. सामान भरणाऱ्या पोराने तो हलवून बघितला आणि विचारलं, "भो, येमा पानी शे, काढी टाकू का?" मी जवळजवळ ओरडलोच त्याच्यावर. त्याचं ऐकलं असतं तर निम्मं नुकसान टळलं असतं.

सकाळी नऊला गाडी भरली. मासे आमच्यासोबत कारमध्ये, पारोळा-एरंडोल करत दुपारी जळगावला पोचलो. सामानाचा पत्ता नाही. त्या वाहतूकवाल्यांच्या ऑफिसला फोन केला की एकच उत्तर, "निघालीय साहेब." मग "पारोळ्याजवळ आहे." रात्री नऊला "ड्रायव्हर जेवायला थांबलाय." दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरकडूनच कळलं की दुसऱ्या कुणाचं सामान भरून घ्यायला गाडी पहिला अख्खा दिवस धुळ्यातच उभी होती. पार्ट लोड (एकाच गाडीत अनेकांचं सामान) असल्याचं पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं, तोंडाने कुणी सांगितलं नव्हतं. सामान आलं दुसऱ्या दिवशी दुपारी एकला. मी ऑफिसात जाऊन भांडलो तर म्हणे, "काच फुटली का? नाही ना? मग तक्रार कशाची?" आजही ते आठवलं की डोकं तापतं. नुसतं खरं सांगितलं असतं की आज गाडी येत नाही, तर मी तासाभरात दुसरी सोय केली असती.

तर कॅनिस्टर २८ तास बंद. बॅक्टेरियांना ओल पुरत नाही, प्राणवायू लागतो. पाणी वाहतं असतं तोवर तो मिळतो. बंद डब्यातल्या साचलेल्या पाण्यातला प्राणवायू काही तासांत संपतो, उन्हात आणखी लवकर. मग चांगले बॅक्टेरिया मरतात आणि आतला गाळ कुजायला लागतो. नुसत्या ओलसर, हवा लागणाऱ्या रिंगा बंद पाण्यातल्या रिंगांपेक्षा जास्त वेळ तग धरतात.

मासे आदल्या दिवसापासून बादलीत, म्हणून मी घाईघाईने नवी सॉईल पसरली, पाणी भरलं आणि कॅनिस्टर न उघडता तसाच चालू केला. नळीतून आधी धुरासारखं काळपट पाणी आलं आणि खोलीभर सडक्या अंड्यांचा वास सुटला. मला वाटलं, होईल साफ.

तिसऱ्या दिवशी सकाळी रमीनोज टेट्रांची लाल तोंडं पांढरट पडलेली. ज्यांच्याकडे हा मासा आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. अमोनियाच्या टेस्ट किटच्या नळीत पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते गडद हिरवं झालं. नवी सॉईल पहिले काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडते, आणि तो पचवणारा फिल्टर मी मारून आणला होता. त्यात आपलं जड, क्षारांचं पाणी. माझ्या नळाचा पीएच ८ च्या आसपास असतो. पीएच ७ चा ८ झाला की अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो, आणि पाणी तापलं की अजून वाढतो. ११ रमीनोजपैकी २ वाचले. एंजल माशाची मादी चौथ्या रात्री गेली. पाच वर्षांची होती, मुलगी शाळेतून आली की काचेपाशी येऊन थांबायची. मुलीने नंतर वर्षभर टाकीकडे बघितलं नाही.

जे वाचले ते रोज निम्मं पाणी बदलून, आणि इथल्या एका मासेवाल्या दुकानदाराने स्वतःच्या चालत्या टाकीतला स्पंज काढून दिला म्हणून. पैसेही घेतले नाहीत. तरी टाकी स्थिर व्हायला पाच आठवडे लागले.

म्हणून माझं स्पष्ट मत: दगड-लाकूड हवं तसं फिरवा, झाडं छाटा, पण जुनी ग्रॅव्हल आणि जुना फिल्टर तसाच न्या. ग्रॅव्हल टाकीच्याच पाण्यात खळबळून घ्या, तळाचा गाळ तसाच परत टाकलात तर तोही अमोनिया सोडतो. नवी सॉईल टाकायची तर दीड-दोन महिन्यांनी, धुळ्यात बस्तान बसल्यावर. काही जण म्हणतील, आम्ही एका दिवसात सगळं बदललं आणि एकही मासा मेला नाही. असेल. त्यांचं पाणी मऊ असेल, थंडीचे दिवस असतील. मी तज्ज्ञ नाही, एका टाकीच्या अनुभवावर बोलतोय, झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) वगैरे मी वापरत नाही. पण एप्रिलअखेरीस आपल्याकडे ही जोखीम घेऊ नये, यावर मी ठाम आहे.

कॅनिस्टरमधलं सगळं पाणी काढा, रिंगा आणि स्पंज टाकीच्या पाण्याच्या उघड्या बादलीत ठेवा, बॅटरीवरचा एअरपंप लावा आणि ती बादली स्वतःच्या पायाशी घेऊन बसा. ट्रकमध्ये नाही म्हणजे नाही. उशीर झालाच तर फिल्टर लावण्याआधी नाकाने वास घ्या. सडका आला तर त्या रिंगा टाकीत जाऊ देऊ नका.

पाण्याचं आधी बघा. धुळ्यात नळाला रोज पाणी येईलच असं नाही, तेव्हा कुणाला तरी सांगून आधीच दोन ड्रम भरून ठेवा. तुमच्या टाकीला, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच धरली तर, १९० लिटर लागतील. हायपोचे खडे टाका म्हणजे क्लोरीन जाईल. आरओचं वाया जाणारं पाणी चुकूनही वापरू नका, ते नळापेक्षाही जड असतं. उन्हाळ्यात रोज जेवढं उडून जातं तेवढी भर मात्र आरओच्या शुद्ध पाण्याची घाला. टाकीवर छोटा पंखा लावला तर आपल्या कोरड्या हवेत पाणी दोन-तीन अंशांनी सहज उतरतं.

धुळ्याच्या पांझरा नदीतले काळे दगड घ्यायचा मोह होईल, घ्याही, पण पांढऱ्या रेघांवर आधी टॉयलेट क्लीनरचा थेंब टाकून बघा. फसफसलं तर तो दगड पाणी आणखी जड करणार, तो बाहेरच ठेवा. न फसफसणारेही भरपूर धुऊन मगच टाकीत.

तुमची गाडी पूर्ण बुक आहे की पार्ट लोड, ते आजच लेखी विचारून घ्या. आणि एअरपंप विकत घेऊ नका. माझा पडून आहे, पुढच्या आठवड्यात भुसावळला येतोय, स्टेशनवर आणून देतो. त्यात सेल नवे घाला.