जुन्या महिंद्रा जीपचा यांत्रिक क्लच हायड्रॉलिक करून घ्यावा का?

तुमची महिंद्राची जुनी सीजे ३बी जीप डांबरी रस्त्यावर बरी चालते, पण खडकात एक चाक वर चढलं की क्लच सुटत नाही, गिअर करकरतो, आणि मिस्त्री म्हणतो "हायड्रॉलिक करून टाका", म्हणजे दांडे-केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालवा, असं तुम्ही लिहिलंय. हाच त्रास मी दोन पावसाळे काढला. गगनबावड्याच्या बाजूला आमचं रान आहे आणि शेवटचा दीड किलोमीटर जांभ्या दगडातून जातो. ऐन चढावर पहिला गिअर पडायचा नाही. शेवटी बदल करून घेतला आणि आज गाडी त्याच वाटेनं निर्धास्त जाते. पण पहिल्या खेपेचं काम उपटून पुन्हा करावं लागलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी दुखणं समजून घ्या. विलीजच्या युद्धकाळातल्या जीपला ब्रेक तेलावरचे होते, क्लच मात्र दांडा आणि केबलवर. तीच मांडणी सीजे ३बीत उतरली. पेडलची ओढ एका आडव्या नळीतून फोर्ककडे, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या काट्याकडे, जाते. त्या नळीचं एक टोक चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) टेकलेलं, दुसरं बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या क्लचच्या पेटीच्या, बाजूला. चासी आणि इंजिन एकमेकांशी घट्ट बांधलेले नसतात, मध्ये रबरी माउंटिंग असतात. चाक उचललं की चासी पिळते, इंजिन आपल्या जागी राहतं आणि ती नळी तिरकी होते. तुम्ही पेडल तितकंच दाबता, पण फोर्कला ओढ तितकी पोचत नाही. अमेरिकेतली सीजे ७ सुद्धा १९८६ पर्यंत दांड्यांवरच होती, पुढच्या वर्षीच्या रँगलरला हायड्रॉलिक क्लच आला.

तरीही लगेच वेल्डिंगला जाऊ नका. इंजिनची माउंटिंग बघा, रबर दबलंय का, फाटलंय का. नळीच्या दोन्ही टोकांचे बॉल आणि त्यांच्या वाट्या, पेडलच्या शाफ्टचे बुश, पिना, केबलचे तुटलेले धागे, सगळं हातानं हलवून बघा. प्रत्येक सांध्यात थोडा थोडा प्ले (ढिलेपणा) साठतो आणि बेरीज मोठी होते. बऱ्याच जीपचा त्रास एवढ्यावरच मिटतो, खर्चही किरकोळ. माझ्या गाडीचं हे सगळं नवीन केलं होतं. सपाटीला फरक पडला, खडकात पडला नाही, तेव्हाच पुढचं पाऊल उचललं.

हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडल मास्टर सिलिंडरमधलं तेल दाबतं, ते तेल पाइपमधून स्लेव्ह सिलिंडरला जातं आणि स्लेव्ह फोर्कला ढकलतो. आता माझी चूक. एका गॅरेजनं स्लेव्ह सिलिंडरचा ब्रॅकेट चासीच्या साइड मेंबरवर मारला, कारण तिथे जागा होती आणि वेल्डिंग सोपं होतं. मीही मान डोलावली. पेडल लोण्यासारखं झालं, आणि पहिल्याच खडकावर तोच जुना आजार! साहजिक होतं. सिलिंडर चासीवर, फोर्क इंजिनावर, म्हणजे नळी गेली पण भांडण तसंच राहिलं. या बदलाचा सगळा फायदा एकाच गोष्टीत आहे: चासी आणि इंजिन यांच्यात लोखंडाचा दुवा उरता कामा नये, फक्त रबरी होज असावा. म्हणून स्लेव्ह बेल हाउसिंगच्याच बोल्टवर बसला पाहिजे. मी दुसऱ्या खेपेला कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका टर्नरकडून १० मिमी पट्टीचा ब्रॅकेट करून घेतला, आडवी मजबुती देऊन. बसवल्यावर कोणाला तरी पेडल दाबायला सांगा आणि खाली वाकून बघा. ब्रॅकेट नुसता लवला तरी ती हालचाल फोर्कच्या वाट्याची कमी झाली असं समजा.

दिशाही तपासा. केबल फोर्कला ओढते, साधा स्लेव्ह मात्र ढकलतो. त्यामुळे तो केबलच्या जागी बसत नाही, फोर्कच्या दुसऱ्या अंगाला बसतो.

सिलिंडर निवडताना दुकानदार जे हातात देईल ते घेऊ नका. जुना क्लच सपाटीवर नीट सुटत असताना फोर्कचं टोक किती सरकतं ते मोजा. माझ्याकडे ते १५ मिमी भरलं. पेडल १५० मिमी खाली जातं आणि त्याची पट (पेडल आणि मास्टरचा दांडा यांच्या हालचालींचं प्रमाण) सहा, म्हणजे मास्टरच्या दांड्याला २५ मिमी मिळतात, त्यातले दोनेक प्लेमध्ये जातात. राहिले २३. आता सुताचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) हिशेब फार सोपा पडतो, कारण बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या, वर्गांचंच प्रमाण लागतं. मास्टर सहा सुती आणि स्लेव्ह सात सुती घेतला तर ३६ भागिले ४९, म्हणजे स्लेव्ह जवळपास १७ मिमी सरकतो. मला हवं होतं तेच. पाच सुती मास्टरला सात सुती स्लेव्ह जोडला तर पेडल हलकं होतं, पण हालचाल १२ मिमीच्याही आत, क्लच सुटणारच नाही. दोन्ही सहा सुती घेतले तर पेडल जड होतं आणि प्रेशर प्लेट (क्लचची प्लेट दाबून धरणारा भाग) गरजेपेक्षा जास्त दाबली जाते. तुमची मापं वेगळी निघतील, गणित हेच.

आपल्या जीपची पेडलं फ्लोअरमधून वर येतात. काही जण ती काढून डॅशखाली लटकती पेडलं बसवतात आणि मास्टर फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर. मला ते पटत नाही. तिथला पत्रा पातळ, दोन्ही बाजूंनी जाड पट्टी न देता मास्टर बसवला तर पत्राच मागे-पुढे होतो. मी जुनं पेडल आणि शाफ्ट तसंच ठेवलं, पेडलच्या खालच्या दांडीनं मास्टर ढकलायचा, मास्टर फ्लोअरखाली चासीवर. चिखल-पाणी लागतं हे खरं, म्हणून त्याचं रबरी बूट शाबूत हवं. तेलाची डबी मात्र वर फायरवॉलवर आणून होजनं जोडली, ती सगळ्यात उंच असावी. आणि पेडल सोडल्यावर मास्टरच्या दांड्याला मिलिमीटरभर मोकळीक राहू द्या. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, तेल परतायचं छिद्र झाकलेलं राहतं, गरम झालेलं तेल क्लचला दाबून धरतं आणि भर चढावर क्लच घसरायला लागतो. हा बिघाड लोक प्लेटवर ढकलतात आणि चांगली प्लेट बदलून बसतात.

रिलीज बेअरिंगचंही (फोर्क ज्याला पुढे ढकलून क्लच सोडवतो ते) तसंच. काही स्लेव्हच्या आत स्प्रिंग असते, ती बेअरिंगला कायम प्रेशर प्लेटच्या बोटांवर टेकवून ठेवते. तुमचं जुनं बेअरिंग तसं सतत फिरायला केलेलं नाही. आतली स्प्रिंग काढा, फोर्कची परतीची स्प्रिंग ठेवा आणि पूर्वीसारखी थोडी मोकळीक द्या.

चासीवरचा पाइप ब्रेकचाच, ४.७५ मिमीचा स्टीलचा, टोकं डबल फ्लेअर केलेली (दुहेरी दुमडून पसरवलेली); तिथून स्लेव्हपर्यंत रबरी होज. तांब्याची साधी नळी कंपनानं कडक होऊन तडकते. सायलेन्सरपासून लांब न्या. तेल म्हणजे ब्रेक ऑइल, डॉट ३ किंवा डॉट ४. इंजिन ऑइल एक थेंबही नको, सिलिंडरमधले रबरी वॉशर फुगतात. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा. हवा काढताना स्लेव्हचं निपल (हवा सोडायचं तोंड) वरच्या बाजूला हवं, नाहीतर दिवसभर पेडल मारत बसाल. माझी हवा निघेना, तेव्हा मोठ्या सिरिंजनं निपलमधून तेल खालून वर चढवलं आणि दहा मिनिटांत काम झालं.

एक गोष्ट या बदलात हातातून जाते. दांडा तुटला तर जंगलातही तारेनं बांधून घरी येता येतं. वॉशर गेला तर तसं जमत नाही. म्हणून सीटखाली दोन्ही सिलिंडरचं वॉशर किट, अर्धा लिटर बंद बाटलीतलं तेल आणि ती सिरिंज कायम असते. तेल ओल धरतं, तेव्हा दर दोन वर्षांनी पावसाळा संपला की मी सगळं बदलतो.

माउंटिंग आणि बुश आधी तपासा. त्यानंतरही खडकात क्लच अडला, तर फोर्कचं, पेडलचं आणि पेडलच्या पटीचं माप घेऊन कळवा, सिलिंडरची जोडी मी काढून देतो.