पिलाटीज घरी व्हिडिओ बघून शिकता येईल का, की सुरुवातीला शिक्षक लागतोच?

लागतो. पिलाटीज म्हणजे श्वासाच्या लयीत, शरीरावर ताबा ठेवून करायचे पोट-पाठीचे व्यायाम; ते बघून नीट जमत नाहीत. आणि वाईट शिक्षकच मिळणार असेल, तर त्यापेक्षा रोज टेकडीवर चालायला जा.

तुम्ही लिहिलंय की चटई आहे, फुकटचे व्हिडिओ आहेत, मग फी कशासाठी? माझ्या दादाने सहा वर्षांपूर्वी मला हेच ऐकवलं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

मी तेव्हा ४७ वर्षांची होते. बँकेतली नोकरी, दिवसभर खुर्ची, दोन सिझेरियन आणि कायमची धरलेली कंबर. घराजवळच्या एका वर्गात नाव घातलं. बारा-पंधरा जणी, मोठ्याने गाणी, आणि शिकवणारी मुलगी आरशाकडे तोंड करून स्वतःच व्यायाम करायची. पहिल्याच दिवशी तिने ‘हंड्रेड’ घेतला. उताणं झोपून डोकं-खांदे उचलायचे, पाय सरळ हवेत धरायचे, हात वर-खाली हलवत पाच आकड्यांत श्वास घ्यायचा, पाच आकड्यांत सोडायचा. असं दहा वेळा. माझी कंबर चटईपासून चांगली चार बोटं वर आली होती आणि सगळा ताण मानेवर. तिला ते दिसलं नाही, कारण ती बघतच नव्हती. ‘पोट आत, पोट आत’ एवढंच ओरडत होती. मी श्वास कोंडून पोट आत ओढत राहिले. पाचव्या दिवशी रिक्षातून उतरताना कंबरेत अशी उसण भरली की रिक्षावाल्या काकांनी हात धरून मला फाटकापर्यंत आणलं.

तीन महिन्यांनी मैत्रिणीने मला दुसऱ्या बाईंकडे नेलं. त्या मूळच्या फिजिओथेरपिस्ट. पहिल्या दिवशी त्यांनी व्यायाम असा घेतलाच नाही. ऑपरेशनं, बाळंतपणं, औषधं सगळं विचारून घेतलं. मग गुडघे वाकवून झोपवलं, माझेच तळवे माझ्या बरगड्यांवर ठेवले आणि म्हणाल्या, ‘श्वास इथे बाजूंना जाऊ दे.’ नंतर जरासं डोकं उचलायला सांगितलं आणि पोटाकडे बघत राहिल्या. पोटावर मधोमध उंचवटा येत होता. पोटाच्या दोन उभ्या स्नायूंमध्ये फट राहिली होती, धाकट्याच्या जन्मापासून. १९ वर्षं हे मला कोणीही सांगितलं नव्हतं. मला तिथेच रडू आलं.

पुढचे तीन आठवडे फक्त श्वास, कटी हलकेच पुढे-मागे झुलवणं, टाच सरकवत एकेक पाय लांब करणं. हंड्रेड चौथ्या आठवड्यात आला, तोही पाय जमिनीवर आणि डोकं टॉवेलच्या घडीवर टेकलेलं ठेवून. दादा तेव्हा सांगलीहून आला होता. म्हणाला, ‘श्वास घ्यायचे पैसे देतेस? चार जोर काढ, कंबर आपोआप सुधारेल.’ सगळ्यांसमोर म्हणाला. मला उत्तर सुचलं नाही.

आता सुचतं. दादा, तू तालमीत गेलास तेव्हा वस्तादांनी पहिल्या दिवशी तुला कुस्तीला उभं केलं नव्हतं. जोर काढताना कंबर पडली की पाठीवर थाप पडायची, हे तूच सांगतोस. मग मी वेगळं काय केलं?

या पद्धतीचा जनकही वस्तादच होता. जोसेफ पिलाटीज, १८८३ साली जर्मनीत जन्मलेला. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला स्थानबद्ध केलं होतं, पुढे न्यूयॉर्कला गेला. स्वतःच्या पद्धतीला तो ‘कंट्रोलॉजी’ म्हणायचा. १९४५ च्या त्याच्या पुस्तकात चटईवरचे ३४ व्यायाम आहेत आणि लोक तेवढेच बघतात. पण त्याच्या स्टुडिओत तो आणि त्याची बायको क्लारा माणूस बघून व्यायाम द्यायचे.

पाटीवर मात्र जाऊ नका. पिलाटीज हे नाव कोणा एकाच्या मालकीचं नाही, असा निकाल अमेरिकेतल्या न्यायालयाने २००० साली दिला. पाटी कोणीही लावतं. शिक्षक चटयांमधून फिरतो का, एखादीला जमत नसेल तर व्यायाम सोपा करून देतो का, हे बघा. रिफॉर्मर यंत्रावर (स्प्रिंगांना जोडलेली सरकती फळी असते ते) भारी स्प्रिंग लावून कौतुक करणाऱ्यापासून तर लांबच राहा. पोटाच्या कित्येक व्यायामांत स्प्रिंग हलकी केली की काम उलट अवघड होतं, हे त्याला ठाऊक असायला हवं.

पैशांचं म्हणाल, तर गटाच्या वर्गात वर्षभर घालवण्यापेक्षा चांगल्या शिक्षकाकडे सहा-आठ तास एकट्यासाठीची शिकवणी घ्या आणि मग खुशाल व्हिडिओ लावा.

हे आधीच लिहायला हवं होतं: हाडं ठिसूळ झाली असतील तर डोकं उचलून पुढे वाकायचे आणि पाठीवर लोळायचे व्यायाम करू नका. स्लिप डिस्क किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टर. वजन उतरवायला येत असाल तर येऊ नका, त्यासाठी हे नाही. आणि घरी करायला लागलात तरी दोन-तीन महिन्यांनी एकदा त्याच शिक्षकासमोर करून दाखवा. माझी हनुवटी अजूनही पुढे येते आणि मला ती कळत नाही.