वाचकांचे प्रश्न : किनाऱ्यावरून केदारला जाताना

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत आईला केदारनाथ-बद्रीनाथ दाखवायचं मनात आहे. तिचं वय ६४, रक्तदाबाची गोळी चालू आहे. मुलांसाठी शेवटी दोन दिवस मसुरी. दिल्लीपर्यंत विमानाने गेलो तर सगळं आठ दिवसांत बसेल का? — एक वाचक, फोंडा

उत्तर : बसवणारे बसवतात. तुम्ही बसवू नका.

आपण समुद्रसपाटीवर राहतो. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब आपल्या इथल्या दोन-तृतीयांशाहून थोडा कमीच भरतो. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी. शरीर याला सरावतं, पण त्यासाठी मधल्या उंचीवर एक-दोन रात्री झोपावं लागतं. आठ दिवसांच्या आखणीत नेमक्या याच रात्री कापल्या जातात. मग डोकं ठणकतं, मळमळतं, झोप लागत नाही आणि माणसाला वाटतं की प्रवासाचा शीण आहे.

म्हणून मसुरी गाळा आणि तिच्या जागी चोपता घ्या, तेही यात्रेच्या आधी. चोपता २,६०० मीटरच्या वर आहे. कुरणं, देवदार, समोर बर्फाची शिखरं. मुलांना मसुरीच्या बाजारापेक्षा हे जास्त आवडेल. विजेची सोय जेमतेम असते, तेव्हा फोन खालीच चार्ज करून घ्या. हरिद्वारहून आखणी अशी करा : पहिली रात्र उखीमठ किंवा गुप्तकाशी, दुसरी चोपता, तिसरी सोनप्रयाग किंवा गौरीकुंड. चौथ्या दिवशी पहाटे चढायला लागा. गौरीकुंड ते केदारनाथ १६ ते १८ किलोमीटर, आणि त्यात चढ सुमारे १,६०० मीटरचा. जंगलचट्टी, भीमबली आणि रामबाड्यापर्यंत त्यातल्या त्यात सोपं. २०१३ च्या पुरानंतर रामबाड्यापासूनची जुनी वाट गेली. आता पूल ओलांडून नदीच्या पलीकडच्या काठाने लिनचोलीकडे चढतात आणि खरा दम तिथेच निघतो. आईंना एका दिवसात सगळं चढायला लावू नका. लिनचोलीला तंबूंची सोय असते, रात्र तिथे काढा. पाचव्या दिवशी सकाळी दर्शन घ्या आणि त्याच दिवशी खाली या. उतारावर घोडा नको, गुडघे आणि कंबर दोन्ही हादरतात. डोली किंवा दंडी परवडत असेल तर ती उतरतानाच घ्या. सहाव्या दिवशी पिपळकोटी, सातव्या दिवशी बद्रीनाथला मुक्काम, मग दोन दिवसांत हरिद्वार. शिवाय एक दिवस मोकळा ठेवा, कारण दरड कोसळली तर रस्ता अर्धा दिवस सहज अडतो आणि रात्री पहाडी रस्त्यांवर वाहतूक बंद ठेवतात. एकूण हरिद्वार ते हरिद्वार दहा दिवस झाले. गोव्याहून जाण्या-येण्याचे वेगळे.

आता महिना. मे मध्ये गर्दी इतकी असते की सोनप्रयागला जीपच्या रांगेतच तास-दोन तास जातात. जूनअखेर पाऊस सुरू होतो. जुलै-ऑगस्टमध्ये तर जाऊच नये. आपल्याकडच्या माणसांसाठी चवथ (गणेश चतुर्थी) आटोपल्यावर, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. हवा स्वच्छ असते, गर्दी कमी. केदारनाथाचे दरवाजे भाऊबीजेला बंद होतात, हे तेवढं लक्षात ठेवा. त्यातच पितृपक्ष आला तर बद्रीनाथला ब्रह्मकपालावर पिंडदानही होतं. मुलांची शाळा बुडेल, हे खरं. पण आईंची यात्रा नीट व्हावी असं वाटत असेल तर तेवढ्या दिवसांची रजा काढणं आम्हाला योग्य वाटतं.

नोंदणी सक्तीची आहे आणि मोफत आहे. उत्तराखंड पर्यटन विभागाच्या पोर्टलवर प्रत्येकाची वेगळी करा आणि कागद छापून जवळ ठेवा. डोंगरात नेटवर्क गेलं की फोनमधली पावती उघडत नाही.

रक्तदाबाची गोळी एकही दिवस चुकवू नका. निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा आणि उंचीच्या त्रासासाठी अ‍ॅसिटाझोलामाइड घ्यायचं का ते विचारा. नेहमीचं प्रमाण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. मात्र सल्फाची अ‍ॅलर्जी असेल किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी आधीच चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. वर गेल्यावर नुसतं डोकं दुखत असेल तर तिथेच थांबा, पाणी प्या, आणखी चढू नका. पण बसल्या जागी धाप लागली, खोकला सुटेना, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर सकाळची वाट पाहू नका. जवळच्या वैद्यकीय केंद्रात प्राणवायू लावा आणि त्याच वेळी खाली उतरायची व्यवस्था करा. दर्शन राहिलं तरी चालेल.

प्रश्न : चालणं जमत नाही म्हणून बाबांना हेलिकॉप्टरने न्यायचं आहे. त्यात उंचीचा त्रास होत नाही ना? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : उलट जास्त होऊ शकतो. गुप्तकाशी, फाटा किंवा सिरसीहून उडालं की काही मिनिटांत माणूस साडेतीन हजार मीटरवर पोचतो. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. त्रास सहसा लगेच दिसत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे बहुधा रात्री सुरू होतो. म्हणून सकाळचं पहिलं-दुसरं उड्डाण घ्या, दर्शन करा आणि दुपारपर्यंत खाली या. वर मुक्काम ठरवू नका. शक्य असेल तर आदली रात्र गुप्तकाशीत नव्हे, चोपत्याला काढा.

बुकिंग फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर होतं आणि त्याआधी यात्रेची नोंदणी झालेली लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर तिकीट देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नका. या नावाने खोटी संकेतस्थळं दरवर्षी निघतात. वजन मोजतात, ८० किलोच्या वर जादा पैसे पडतात आणि सोबत लहानशी पिशवीच नेता येते. त्यात औषधं, स्वेटर आणि रेनकोट आधी भरा. ढग उतरले की उड्डाणं थांबतात, त्यामुळे परतीचं विमान दुसऱ्याच दिवशीचं काढू नका.

प्रश्न : घरात एकही गरम कपडा नाही. किती आणि काय घ्यावं? — एक वाचक, डिचोली

उत्तर : एक जाडजूड जॅकेट घेऊन भागत नाही. साधारण दर हजार मीटरला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. चालताना घाम येतो आणि थांबलं की थंडी बोचते. म्हणून थर हवेत. आत थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, सर्वांत वर वारा अडवणारं जॅकेट. थर्मलचे दोन जोड, बाकी एकेक पुरे. सुती बनियन आणि जीन्स घरीच ठेवा. आपल्याकडे घामाला सूत बरं. तिथे ते भिजलं की वाळतच नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं.

पावसासाठी वाटेत मिळणारा पातळ प्लास्टिकचा झगा घेऊ नका, पहिल्याच वाऱ्यात फाटतो. दुचाकीसाठी आपण वापरतो तो पँट-जॅकेटचा रेनकोट उत्तम. छत्रीचा उपयोग नाही.

बूट नवे घ्यायचे तर दीड महिना आधी घ्या आणि रोज वापरा. जाड मोजा घालून पुढे अंगठ्याएवढी जागा सुटली पाहिजे, नाहीतर उतरताना नखं बुटावर आदळून काळी पडतात. मंदिरात फरशी बर्फासारखी असते, म्हणून लोकरी मोज्यांचा एक जोड फक्त तिथल्यासाठी कोरडा ठेवा. अंगाला लावायला खोबरेल नेऊ नका, बाटलीतच गोठतं, व्हॅसलिन न्या. मधुमेह असेल तर इन्सुलिन बॅगेत नको, जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही.

प्रश्न : सराव कुठे करावा? काणकोणला सपाटीवर रोज चालतो. — एक वाचक, काणकोण

उत्तर : सपाटीचं चालणं श्वासाला चांगलं, पण मांड्यांना ते पुरत नाही. पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर तुम्हाला जवळ आहे. आठवड्यातून दोनदा पाठीवर चार-पाच किलो घेऊन चढा आणि उतराही चालतच; गाडीने खाली येऊ नका, कारण गुडघ्यांची तयारी उतारावरच होते. इतर दिवशी घराजवळच्या पायऱ्या. आठ आठवडे पुरेत. पण यातून फक्त पाय तयार होतात. विरळ हवेची सवय गोव्यात कितीही चढलात तरी होत नाही, त्यामुळे धडधाकट तरुणांनीही मधल्या उंचीवरचा मुक्काम टाळू नये.

प्रश्न : आमच्या घरच्यांना उकड्या तांदळाची पेज लागते. तांदूळ सोबत नेले तर? — एक वाचक, पेडणे

उत्तर : शिजणार नाहीत. केदारनाथाच्या उंचीवर पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळतं. कुकरशिवाय उकडा तांदूळ तासभर ठेवला तरी कणी राहते. जेवण सगळीकडे शिवराकच, म्हणजे शाकाहारीच, मिळतं. खिचडी मागा, ती कुकरमधली असते. सोबत गरम पाण्यात फुगणारे फोडणीचे पोहे, चणे-गूळ आणि आमसुलं ठेवा. घाटात उलटीचा त्रास असणाऱ्याने उपाशी निघू नये. थोडं कोरडं खाऊन पुढच्या सीटवर बसावं आणि लांब रस्त्याकडे पाहावं. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नव्हे.

प्रश्न : हिमालय झेपणार नाही. दत्तभक्त म्हणून गिरनार करावं का? — एक वाचक, सांखळी

उत्तर : जरूर. विरळ हवेचा प्रश्न तिथे नाही, पण पायऱ्या सुमारे दहा हजार आहेत. ऑक्टोबर २०२० पासून रोपवे आहे. तो अंबाजीपर्यंतच, म्हणजे निम्म्या वाटेपर्यंत नेतो. पुढे गोरखनाथ शिखरावर चढायचं, मग बरंच खाली उतरून पुन्हा दत्तपादुकांपर्यंत चढायचं, आणि येताना हेच सगळं उलट. रोपवे आहे म्हणून सोपं, असं समजून आलेले लोक इथेच बसतात. वारा जोराचा असेल तर रोपवे बंद राहतो. चालत जायचं तर पहाटे दोन-तीनला विजेरी घेऊन निघा, ऊन चढायच्या आत पादुकांपर्यंत पोचाल. डिसेंबर-जानेवारी बरा. वेरावळ-तिरुवनंतपुरम साप्ताहिक गाडी मडगाव आणि जुनागड दोन्हीकडे थांबते. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. परतीचं तिकीट तेव्हाच काढून ठेवा.